कोपऱ्यातला अंगठा

भंगारवहिनी हे नाव गल्लीने दिलेलं, आणि गल्लीने ठेवलेलं नाव पुसायची कुणाची बिशाद? फुटकी गाळणी, दांडी गेलेली किटली, छत्रीच्या काड्या, जोडी हरवलेला बूट, लोकांनी टाकलेलं सगळं ही बाई घरी आणायची आणि तारेने बांधून त्याचे पक्षी नि माणसं करायची. नवरा बिचारा स्वतःच्याच घरात अंग चोरून चालायचा.

हे वेड जुनं नव्हतं. आधी त्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायच्या, हसतमुख म्हणून गिऱ्हाइकं त्यांनाच विचारत यायची. एका सकाळी उठल्या तर अर्धा चेहरा लुळा. डॉक्टर म्हणाले, येईल परत. थोडा आला, बाकीचा काही आला नाही. मालकाने गोड बोलून त्यांना मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. तेव्हापासून हसू आलं की वहिनींचा हात आपोआप तोंडावर जायचा.

मागच्या खोलीत मोडक्या फ्रेमांचा ढीग पडलेला असे. त्या वाकवून वहिनींनी चेहऱ्याच्या वाकड्या बाजूवर बसेल असा मुखवटा केला आणि तो लावून स्वतःचा फोटो काढायचं ठरवलं. नवऱ्याचा जुना रोलचा कॅमेरा होता, पण त्याचा टायमर बिघडलेला. बटण दाबायला दुपारी घरात कोण? सासूबाई! दोघींचं तोवर विळ्याभोपळ्याचं सख्य. वहिनींनी भीतभीत विचारलं. सासूबाईंनी ना मुखवट्याबद्दल विचारलं, ना चेहऱ्याबद्दल. फक्त म्हणाल्या, "कुठलं बटण?"

मग काय, रोजचाच उद्योग झाला. सासूबाई फिरून येताना पिशवीत कधी डब्याचं झाकण आणत, कधी घड्याळाचे काटे, आणि वर "हे नाकावर बसेल बघ" असा सल्लाही देत. एका दुपारी तार सुटली आणि गाळणीचा मुखवटा खाली पडला. वहिनी उचलायला वाकणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. अशीच बस." आणि दाबलं बटण. रोल धुऊन आला तेव्हा त्या फोटोत उघडा चेहरा होता, आणि कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या काचेवर आलेला सासूबाईंचा धूसर अंगठा.

या उद्योगाचा बोलबाला ऐकून एका चित्रांच्या दालनाची चालक बाई घरी आली. तारेचे पक्षी तिला आवडले, मुखवट्यांचे फोटो आवडले, पण तिने समोरच्या भिंतीसाठी निवडला तो उघड्या चेहऱ्याचा फोटो. अट एकच, अंगठा कापायचा. स्वतःच काढलेले स्वतःचे फोटो म्हणून प्रदर्शन लावायचं आणि त्यात दुसऱ्याचा अंगठा, हे कसं दिसेल? नाहीतर दालन दुसऱ्याला द्यावं लागेल. वहिनींना तर त्या भिंतीची केवढी आस लागली होती! सासूबाईच म्हणाल्या, काप की, माझ्या अंगठ्याचं काय एवढं.

वहिनींनी तो फोटो उचलून जवळ घेतला. मग म्हणाल्या, "हा अंगठा नसता तर मी माझं तोंड पुन्हा पाहिलंच नसतं. तो राहणार. दालन नाही मिळालं तरी चालेल."

चालक बाई उठून गेली. वहिनींना रडू आलं, पण पस्तावा नाही झाला. आठवडाभराने तिचाच निरोप आला, फोटो आहे तसा लावू, प्रदर्शनाचा मथळा मी बदलते.

उद्घाटनाला गल्ली लोटली, चष्म्याच्या दुकानाचा मालकही आला. समोरच्या भिंतीवर हा मोठा फोटो, खाली दोघींची नावं. कृतज्ञतेने भरून आलेल्या वहिनींनी सासूबाईंचा हात धरून त्यांना सगळ्यांच्या पुढे आणलं. सासूबाई चष्मा सावरत फोटोजवळ गेल्या, स्वतःचा अंगठा त्या अंगठ्याशेजारी धरून बराच वेळ पाहत राहिल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुरकुरल्या,

"इतका काही जाडा नाही हं माझा अंगठा."

वहिनी खदखदून हसल्या, भरल्या दालनात, सगळ्यांच्या समोर. हात तोंडावर न्यायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.