आत्याने चोर ओळखला

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काम करते. माणूस दारातून आत आला की ती आधी त्याचं नाक बघते, मग कान, आणि तो खुर्चीत टेकायच्या आत त्याला शोभणारी फ्रेम काउंटरवर काढून ठेवते. "चेहरा एकदा बघितला की माझ्या डोक्यातून जात नाही," असं ती ज्याला त्याला सांगते. नावांचा मात्र आनंद आहे. मला अजूनही ती आधी माझ्या भावाच्या नावाने हाक मारते.

अशा बाईने पन्नाशीला टेकल्यावर कॉलेजात नाव घातलं. संध्याकाळचा वर्ग. विषय? गुन्हेगारीशास्त्र!

"ताई, या वयात चोरांच्या मागे धावणार का?" बाबांनी विचारलं.

"धावतील पोलीस. चोरी मुळात होते कशी, ते मी शिकणार."

शिकली म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. एकदा बिस्किटांचा डबा रिकामा सापडला, तर तो हातात धरून ती बाबांसमोर उभी राहिली. "गुन्हा घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. इच्छा असलेला माणूस, हाताशी असलेला माल आणि गैरहजर राखणदार. राखणदार मी, मी अंघोळीला गेले होते. माल डब्यात होता. आता इच्छा असलेल्या माणसाने वर्तमानपत्र खाली घ्यावं."

बाबांनी घेतलं. मिशीला चुरा होता.

मग तिच्या सरांनी वर्गात जाहीर केलं, "या महिन्यात कधीतरी इथे एक खोटी चोरी होईल. कोणीही मध्ये पडायचं नाही. नुसतं बघायचं आणि जे पाहिलं ते नंतर लिहून द्यायचं." डोळ्यांदेखत घडलेलंही माणूस किती चुकीचं सांगतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. ती चोरी बसवायचं काम त्यांनी मला दिलं होतं, कारण मी नाटक करते. आत्याला याचा पत्ता नव्हता.

वर्ग नुसता टपून बसला. चहावाला आला तरी लोक त्याचे बूट बघायचे.

आणि एका संध्याकाळी, सर यायच्या आधी, तो आला! निळा शर्ट, टोपी, धुळीसाठी बांधावा तसा तोंडावर रुमाल. "दुरुस्तीला न्यायचाय," एवढंच बोलला आणि टेबलावर चढून प्रोजेक्टर सोडवू लागला. वर्गात आनंदाची लाट. पहिल्या बाकावरच्याने त्याच्यासाठी टेबल धरलं. आत्या म्हणाली, "अहो, जरा सावकाश काढा, आम्हाला नीट बघू द्या." तो प्रोजेक्टर काखोटीला मारून निघाला, तेव्हा एकीने दार उघडून दिलं आणि मागून टाळ्या पडल्या.

मग सर आले. "प्रोजेक्टर कुठाय?"

हशा.

"सर, तुम्हीही काय सुंदर काम करता!"

"मी काम करत नाहीये," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आपली चोरी पुढच्या आठवड्यात आहे."

सगळे एकदम बोलू लागले. उंच होता, छे, बुटका होता, टोपी काळी होती, कसली काळी, लाल! त्या गलक्यात आत्या बाकावर चढली. "गप्प बसा! मी ओळखलंय त्याला. आपल्या कॉलेजात वायरिंगला येतो ना, तो इलेक्ट्रिशियन. रुमालाच्या वर कपाळ आणि डोळे दिसत होते. मला तेवढे पुरतात."

आणि मग, "हो की! तोच!" उंच म्हणणाराही म्हणाला, बुटका म्हणणाराही.

प्राचार्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, मी गच्चीवर पंप जोडत होतो." कोणी पाहिलं? कोणीच नाही. अख्खा वर्ग साक्षीदार म्हटल्यावर प्राचार्यांनी ठरवून टाकलं, उद्या संध्याकाळी पोलिसांत त्याच्या नावाने तक्रार. त्याच्या कंत्राटदाराने ते ऐकून त्याला कामावरून काढूनच टाकलं.

एवढ्यावर तक्रार नको, असं सर कुरकुरत होते. आत्याला मात्र स्फुरण चढलं होतं. तिचा मला फोन आला.

"अगं, तक्रारीच्या आधी ओळखपरेड करायची, अगदी पुस्तकाप्रमाणे! सरांनी प्राचार्यांना पटवलंय. तुझ्या नाटकातली माणसं घेऊन ये, साधारण त्याच्याच अंगापिंडाची. निळे शर्ट, टोप्या, रुमाल, सगळं सारखं."

"आत्या, त्या माणसाचं काम गेलंय."

"चोराचं जाणारच. पण नियमाने जाऊ दे! उद्या कोणी म्हणायला नको की बाईने उगीच नाव घेतलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, तर ती दारातच नाचत होती. "परेड कोण घेणार माहितीये? ग्रंथपाल! कारण तिला संशयित कोण ते ठाऊक नाही, म्हणजे नकळतही खूण होणार नाही. आणि एकेका साक्षीदाराने एकट्याने आत जायचं. आणि त्याला आधी सांगायचं की रांगेत चोर नसूही शकतो. काय डोकं आहे ना यामागे!"

माझे नट रांगेत उभे राहिले, मध्ये इलेक्ट्रिशियन. त्याचे हात थरथरत होते. बाकीच्यांचे थरथरत नव्हते, म्हणून मी हळूच सगळ्यांना हात पाठीमागे बांधायला सांगितलं. वर्गातले एकेक करून आत गेले आणि बाहेर आले. शेवटी आत्या.

तिने रांगेकडे नजर टाकली मात्र. "डावीकडून तिसरा. अगदी खात्रीने."

ग्रंथपालबाईंनी लिहून घेतलं. तिसऱ्याने टोपी काढली, रुमाल खाली ओढला. तो इलेक्ट्रिशियनच होता. आत्या माझ्याकडे बघून अशी हसली, जणू पडदा पडलाय आणि टाळ्या तिच्या आहेत.

"ओळखणारच तुम्ही मॅडम," तो म्हणाला. "माझा वाचायचा चष्मा तुम्हीच बसवलात. काडी टोचत होती, तर वाकवून दिलीत."

आत्याचं हसू जागच्या जागी थांबलं. "डावा कान," ती पुटपुटली. "उजव्यापेक्षा जरा वर आहे. म्हणून काडी..." ती खुर्चीवर बसली. आणि एकदम ताडकन उठली! "अगं बाई! अहो, हे पुस्तकात आहे! ओळखीचा चेहरा एकीकडचा, आणि माणूस तो चिकटवतो भलतीकडे! मी यांना दुकानात जवळून पाहिलं, मग इथे वायरिंग करताना. वर्गात मला दिसला नुसता रुमाल आणि टोपी, आणि चेहरा मी पदरचा घातला!"

"म्हणजे हा चोर नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" प्राचार्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. मला माहीत नाही, हेच मला आत्ता कळलं. ग्रंथपालबाई, खोडू नका. खाली लिहा, साक्षीदार चुकली."

"आणि बाकीचे?" प्राचार्य म्हणाले.

बाकीच्यांची उत्तरं बाहेर आली. दोन नंबर, पाच नंबर, एक नंबर. दार उघडून देणारीने तर बोट ठेवलं होतं आमच्या नाटकातल्या ढब्बूवर, जो त्या संध्याकाळी तालमीत माझ्यासमोर राजा होऊन सिंहासनावर बसला होता. प्राचार्यांनी टेबलावरचा तक्रारीचा कागद फाडला. नवा लिहिला, अनोळखी इसमाविरुद्ध.

आत्याने हात जोडले. "माफ करा हो मला."

इलेक्ट्रिशियन हसला नाही. "इथे सुटलो मॅडम. पण तिकडे कंत्राटदाराच्या गोदामात सगळे मला काय म्हणतात, ते तुमच्या पुस्तकात आहे का?"

"आहे," आत्या म्हणाली. "त्यावर तर अख्खा धडा आहे." तिने पर्स उचलली. "चला."

"आत्ता?"

"मग कधी? पोरी, तूही चल. माझा आवाज बसला तर तू ओरड."

गोदामात माणसं वायरींची भेंडोळी उचलत होती. कंत्राटदार कोणावर तरी खेकसत होता. आत्या एका रिकाम्या खोक्यावर चढली, पदर खोचला, आणि भिंती हादरतील अशा आवाजात म्हणाली, "इकडे बघा सगळे! याला चोर म्हणणारी बाई मी! आणि मी कशी चुकले, ते आता नीट ऐका!"