फळ्यापुरतं वाचन

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. गोंदियाजवळच्या मुर्री गावी मुलींच्या शाळेत मी शिकवत असे, आणि दुपारी शाळा सुटली की त्याच खोलीत मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत असे. बहुतेक जणी घरी विड्या वळणाऱ्या. त्यांत पन्नाशीची एक मावशी होती. तिची लेक बालाघाटकडे दिलेली. लेकीचं पत्र आलं की पोस्टमन दारात उभा राहून मोठ्याने वाचे, आणि तिचं दुखणंखुपणं आईबरोबर सगळ्या गल्लीला कळे. म्हणून मावशीला वाचायला शिकायचं होतं.

फळ्यावरची अक्षरं ती सगळ्यांआधी ओळखायची. पुस्तक हातात दिलं की मात्र गप्प. कधी ते हातभर लांब धरायची. मी म्हणायची, नीट धरा. मी तेव्हा बावीस वर्षांची. मला वाटायचं, ही फळ्यावरचं नुसतं पाठ करून म्हणते.

एक दिवस तपासनीस आले. त्यांनी मावशीला वाचायला सांगितलं. तिने पुस्तक उघडलं आणि फळ्यावरचा कालचा धडा म्हणून दाखवला. पान निराळंच होतं. बायका हसल्या. साहेब गेल्यावर मी सगळ्यांसमोर तिला बोलले, की तुमच्यामुळे मला मान खाली घालावी लागली.  दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर विड्या वळत होती. नजर रस्त्याकडे, बोटं आपसूक चाललेली. दोऱ्याचं टोक सापडेना, तेव्हा तिने सुनेला हाक मारली. टोक तिच्या मांडीवरच होतं.

मी विचारलं, "मावशी, तुम्हांला जवळचं दिसत नाही?"

"फळ्यावरचं दिसते ना. पुस्तकात साऱ्या मुंग्याच दिसतेत."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं, साऱ्यायले तसंच दिसते. शिकलं का मंग मुंग्यायचे अक्षरं होतेत."

मी म्हटलं, गोंदियाच्या बाजारातून चष्मा आणते, तुम्ही परत या. तिने मान हलवली.

"आता नोको, बाई. हासून झालं साऱ्यायचं."

माफी मागायचं मनात होतं, पण ती न मागताच मी उठले. 

वर्ग पुढे दोन महिने चालला. शेवटी तीन बायका उरल्या होत्या. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याचा हंगाम आला तशा त्याही पानं तोडायला जंगलात गेल्या.