सळया कुणीकडं वाकल्या

फोन इक्बालभाईंच्या लेकीचा, शबानाचा होता. "अब्बा गेले..." एवढंच बोलली. मी लातूरच्या बसमध्ये चढले होते. तशीच उतरले आणि नांदेडच्या त्या फलाटावर नुसती येरझाऱ्या घालत राहिले. महिना होत आला, पण अजून एका जागी बसवत नाही.

इक्बालभाई कॉलेजात काँक्रीट तपासायच्या लॅबमध्ये होते. मी तिथंच शिकले, पुढं त्यांच्यासोबत पडझडीची पाहणी करायला जाऊ लागले. मोडतोड बघून काय कुठून पडलं, हे ते सांगत. त्यांच्या शब्दाला वजन होतं... तेच एकदा नडलं.

लातुरात चार मजली बांधकामावरून लोखंडी गर्डर शेजारच्या बसक्या घरावर पडला. स्लॅब फोडून आत आला, घरातल्या आजींचा पाय मोडला. भोकाच्या बरोबर वर सामान चढवायची लिफ्ट. इक्बालभाईंनी आत उभं राहून वर बघितलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "लिफ्टमधूनच सुटलाय." ठेकेदार लगेच म्हणाला, "मग विठ्ठलच. लिफ्ट तोच चालवतो." लोह्याकडचा विठ्ठल, दोन लेकरांचा बाप, "म्या हात बी लावला न्हाई साहेब!" म्हणत राहिला. पोलीस त्याला घेऊन गेले.

परतताना इक्बालभाई मोबाइलवरचे फोटो सारखे मोठे करून बघत होते. अहमदपूरजवळ एकदम म्हणाले, "बेटा, गाडी वळव. भोक लांबट हाय. सळया सगळ्या पूर्वेला वाकल्यात. सरळ खाली आलेला गर्डर अशा वाकवील का? लई घाई केली मी..."

गुडघे धरत ते स्वतः बांधकामावर चढले. पश्चिमेकडं तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याची कड ताजी उडालेली, तिच्यावर गंजाचा ओरखडा. तिथून भोकापर्यंत दोरी ताणली, तर ती सळयांच्याच दिशेनं गेली. छज्ज्याच्या वर, गच्चीच्या कडेला गर्डरांची रास, अर्धी बाहेर आलेली, टेकू नाही. लिफ्ट पार पूर्वेच्या टोकाला. राशीतला गर्डर घसरून छज्ज्यावर आपटला होता आणि तिरका घरात घुसला होता.

ठाण्यात त्यांनी लिहून दिलं : माझं सकाळचं म्हणणं चुकलं. ठेकेदार म्हणाला, "चाचा, ह्या वयात नाव घालवता का?" "विठ्ठलचं गेलं त्याचं काय?" एवढंच ते बोलले. विठ्ठल दोन दिवसांनी सुटला. आम्ही त्याच्या गावी गेलो. इक्बालभाईंनी त्याच्या आईपुढं हात जोडले. ती म्हणाली, "सोडलं, बरं झालं. पण लोक अजून इचारत्यात की हो, ह्यानंच पाडलं का म्हणून." तिनं दिलेला चहा त्यांच्या हातातच निवला. विठ्ठल पुन्हा कुठल्या बांधकामावर गेला नाही, आणि इक्बालभाईही त्यानंतर कधी निवांत दिसले नाहीत.

परवा आमच्या गल्लीत पाण्याची टाकी गच्चीवरून शेजारच्या पत्र्यावर कोसळली. मालकानं टाकीचा कट्टा बांधणाऱ्या गवंड्याची कॉलर धरलेली. "मॅडम, तुम्हीच सांगा, चूक ह्याचीच ना?" खालून तर तसंच दिसत होतं. उत्तर अगदी ओठांवर आलं...

मी गच्चीची किल्ली मागितली.