गोटीने दिलेलं मत

लंडनमधल्या एजवेअरला आल्यावर एका मे महिन्यात मी इथल्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. पोलिंग स्टेशन जवळच्या प्रायमरी स्कूलमध्ये होतं. बाहेर आले तर बाकावर एक वृद्ध आफ्रिकन गृहस्थ बसलेले. सुटाची सगळी बटणं लावलेली, बुटांना पॉलिश, चेहरा मात्र पडलेला. त्यांचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी विचारलं.

"मत दिलं, पण आवाजच झाला नाही," ते म्हणाले.

मला अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी सांगितलं. ते गांबियाचे. देश स्वतंत्र झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराचं वेगळ्या रंगाचं पिंप होतं. वाचता न येणाऱ्यांनाही मत देता यावं म्हणून त्यात काचेची गोटी टाकायची. आतली घंटा वाजली की मत पडलं. सांगताना त्यांनी नसलेली गोटी दोन बोटांत धरली आणि अलगद सोडली.

"माझ्या बायकोला अक्षरओळख नव्हती. तिची घंटा मी रांगेत उभा राहून ऐकली. बाहेर येऊन म्हणाली, 'आता हा देश आपला.'"

पुढे लष्कराने सत्ता घेतली आणि ते लंडनला मुलाकडे आले.

"त्या पण आल्या का तुमच्याबरोबर?"

"नाही. सैनिक यायच्या आधीच ती गेली." काठीवर भार देत ते उठले. "बरंच झालं. मरेपर्यंत तिला तो देश आपलाच वाटत होता."