देवघरातला धूर

सुगंधानं मन देवाशी लागतं असं कुणी म्हणालं, की माझं डोकं अजून भडकतं. म्हणणं खरं आहे, मी अनुभवलंय. तरी भडकतं.

मी परभणीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, आणि बऱ्याच वर्षांनी पोटासाठी खालापूरला आले. इथं एका आजींना सांभाळायचं काम मिळालं. भातशेतीवालं घर, पण आता मुलगा इंजिनीअर, घर नवं स्लॅबचं, खिडक्यांना सरकत्या काचा. सून नोकरीसाठी पुण्यात, सुट्टीला येणारी. आजींना दमा. मुलाला मी दादा म्हणायचे.

आले त्याच वर्षी मला डेंग्यू झाला. दादांनी स्वतः गाडीत घालून पनवेलला नेलं. घरी आल्यावर ज्या आजींना मी भरवायचं, त्यांनीच मला पेज भरवली. "गिळ गं बाय, चव नाय लागली तरी गिळ." ती पेज मी विसरत नाही. विसरता आली असती तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं.

मागच्या वर्षी दादा कशेळ्याच्या पुढं कुठल्याशा ध्यानाच्या शिबिराला गेले. तीन दिवसांनी आले ते पितळी धुपाटणं आणि पुड्या घेऊनच. तिथं शिकवलं होतं म्हणे, रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकच वास. काही दिवसांनी नुसता वास आला तरी मन आपोआप जागेवर बसतं. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, म्हणजे वास पळत नाही. दिवेलागणीला दादा देवघरात मांडी घालायचे आणि शेजारी खुर्चीत आजींना बसवायचे. "आई, तुझंही नामस्मरण होईल." आजी खूश. नोकरीला लागल्यापासून पोरगा इतका वेळ जवळ कधी बसला नव्हता.

निखारे मीच फुंकायचे. करवंटी गॅसवर पेटवायची, लाल झाली की धुपाटण्यात घालायची, वर राळ, लोबान, गुग्गुळ. वास चांगला होता, खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी माझ्या गावचं मारुतीचं देऊळ डोळ्यांपुढं आलं आणि मी ओट्याशी उभी राहून रडले.

आठवडा झाला नाही तोच आजींची छाती शिट्टी वाजवायला लागली.

"दादा, धुरानं होतंय बघा," मी भीत भीत म्हटलं.

ते हसले. "ताई, हा धूर नाही, धूप आहे. यानं हवा शुद्ध होते."

ते इंजिनीअर, मी सातवी. मी निखारे फुंकत राहिले.

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, "घरात धूर असतो का? चूल, बिडी, कचरा जाळणं?"

"अजिबात नाही," दादा म्हणाले. "गॅस आहे."

आजी धापा टाकत म्हणाल्या, "चूल कदीच मोडली हो डाक्टर. धूर कुठला आलाय आमच्यात!"

दोघंही अगदी मनापासून सांगत होते. देवापुढचा धूपसुद्धा धुरात मोजायचा असतो, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. डॉक्टरांनी मग माझ्याकडं पाहिलं. मला माहीत होतं. मी पिशवीतला आजींचा दम्याचा पंप चाचपत बसले. एकीकडं ती पेज आठवत होती, आणि दुसरीकडं, हे घर सुटलं तर झोपायचं कुठं, हेही. डॉक्टरांनी पंप बदलून दिला. त्याच संध्याकाळी मी पुन्हा निखारे फुंकले. दादांवरचा राग उतरेल कधीतरी, हा स्वतःवरचा उतरत नाही.

मग मी एक शक्कल काढली. माळ्यावरची सहाण आणि चंदनाचं खोड खाली काढलं. म्हटलं, आजींना वासच हवा ना, मग हा घ्या, याला विस्तव लागत नाही. आजी हौसेनं उगाळायला बसल्या. खोड जुनं, वास उरलाय की नाही बघायला मी गंधाचं बोट नाकाशी नेलं.

"हुंगलंस?" आजी कडाडल्या. "मेले! आता त्ये देवाला कसं चालंल? देवाच्या आदी तुजं नाक!"

"आजी, आधी जीव जपा."

"जीव माजा हाय. धुवून आन सहाण!"

धुवून आणली. आजींनी तीनदा दम खाऊन पुन्हा उगाळलं. अंगणात येऊन तुळशीला लावलं, आणि मगच बोट नाकाशी धरून डोळे मिटले. "बरा हाय गं. थंड लागतो." दोन संध्याकाळी अशाच गेल्या, मोकळ्या हवेत. छातीची शिट्टी बारीक झाली. तिसऱ्या दिवशी दादांनी आतून हाक मारली, "आई, ये ना. तू नसलीस की माझं ध्यानच लागत नाही."

आणि आजी उठल्या. सहाण माझ्या मांडीवर ठेवून गेल्या.

थोड्या वेळानं मी देवघराच्या काचेतून पाहिलं. दादा ताठ बसलेले, डोळे मिटलेले, चेहरा असा शांत की बघत राहावं. शेजारी आजी खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट धरून, खांदे कानाला लागलेले, ओठ जांभळे. तोंडावर पदराचा बोळा दाबलेला. पोराचं ध्यान मोडू नये म्हणून खोकला गिळत होत्या.

मी दार ढकललं, धुपाटणं उचललं आणि अंगणातल्या बादलीत बुडवलं. हात भाजला, तेव्हा कळलंसुद्धा नाही. परत येऊन आधी पंप आजींच्या तोंडाला लावला.

दादा उभे राहिले होते. "काय केलंस हे? देवापुढचा विस्तव विझवलास?" मी ताईवरून एकदम 'तू' झाले.

"विझवला. आई काळीनिळी पडली तरी तुमचं आपलं ध्यान लागलेलं!"

"माझ्या घरात राहून मला बोलतेस?"

"तुमच्याच घरात राहून निखारे फुंकलेत मी. डॉक्टरपुढं तुम्ही धूर नाही म्हणालात आणि मी ऐकून घेतलं. तुमचं मीठ खाल्लंय म्हणून."

"सामान बांध तुझं."

आजींना आता जरा बोलता येत होतं. "तिचं बांदशील तर माजं बी बांद रं. आनि आदी खिडकी उगड, मेल्या, गुदमारतंय मला."

दादांनी खिडकी उघडली. पाठमोरेच म्हणाले, "आई, तू बोलली का नाहीस?"

"तू जवळ बसला व्हतास ना."

सामान बांधलं गेलं नाही. त्यांनी माफी मागितली नाही, मीही नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना मीच सांगितलं, "धूर होता. देवाचा होता, पण होता." दादा खाली मान घालून बसले. आता त्यांचं ध्यान गच्चीवर असतं, निखारे ते स्वतः पेटवतात. आजी खाली तुळशीपाशी सहाण घेऊन बसतात. छाती बरी आहे. देवाचे, दादांचे, सगळ्यांचे उपकार.

पण कधी वारा फिरतो आणि वरचा वास अंगणात उतरतो. आजींचा हात खोडावर थांबतो. मान वर करून म्हणतात, "बसला बग माजा पोरगा." मी पदर घेऊन त्यांचं नाक झाकायला धावते आणि माझं डोकं पुन्हा फिरतं. काही न जाळता, घटकाभर खाली येऊन आईजवळ नुसतं बसता येत नाही का या माणसाला?

काल राहवलं नाही. जिन्याखाली उभी राहून मी ओरडले, "दादा, रिकाम्या हातानं खाली या जरा!"

मागून आजी दबक्या आवाजात म्हणाल्या, "वरडू नको गं. त्याचं ध्यान मोडंल."