पेंढ्याच्या टायरवरची मोटार

मोटार नीट चालत असली की सांगण्यासारखं काही घडत नाही. ती उभी राहिली की घडतं. लढाईच्या दिवसांत आमची मोटार चालायची कमी आणि उभी राहायची जास्त, म्हणून माझ्याकडे किस्से साठले. मी गोष्टी सांगणारा माणूस नव्हे. शाळा दुसरीत सुटली. पण चहाला चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "ते चाकाचं सांगा की!" आणि एक सांगितला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो.

कर्जत ते कशेळे अशी सर्व्हिस मोटार होती. मालक गोविंदशेठ, डायवर मी, क्लीनर धर्मा. रबर सगळं लढाईवर गेलेलं. नवा टायर डोळ्यांना दिसत नव्हता. आमचे टायर गुळगुळीत, आणि ट्यूबला ठिगळावर ठिगळ. शेठ म्हणायचे, "सदू, यात मूळची ट्यूब कुठली, ते तरी दाखव!"

* * *

धर्मा पोशीरचा. भातशेतीतला गडी, अंगानं दणकट, मनानं सरळ. मोटार म्हणजे बैलगाडीच, फक्त बैल आत बसवलेले, अशी त्याची समजूत.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सकाळी पाणी बघायचं, ऑइल बघायचं, चाकाचे नट बघायचे, टायरवर हँडल मारून आवाज ऐकायचा. टणक वाजला तर हवा आहे, बद्द वाजला तर नाही. आणि कुठं कुरकुर ऐकू आली तर मला सांगायचं."

पुढं एकदा त्याला कुरकुर ऐकू आली. मला सांगितलं नाही. चाक कुरकुरतंय म्हणजे वंगण हवं, हे पोशीरच्या पोराला काय शिकवायचं? त्यानं ब्रेकच्या ड्रममध्ये एरंडेल ओतलं.

कशेळ्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला, आणि मोटार आणखी खुशीत पळाली. स्टँड गेला, चहाचं हॉटेल गेलं, आम्ही गावाबाहेर एका पेंढ्याच्या उडवीत घुसून थांबलो. कोणाला खरचटलंही नाही. मी मागं वळून बघितलं. धर्मा कान देऊन ऐकत होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "आता कुरकुर बंद झाली ना?"

* * *

या प्रकाराचं खरं दुखणं निराळंच होतं. हॉटेलच्या बाकावर धर्माचा सासरा बसलेला होता.

हा म्हातारा, नाव बाळू पाटील, लग्न झाल्यापासून रोज मोटारीच्या वेळेला त्या बाकावर यायचा. लग्न ठरवताना धर्माच्या घरच्यांनी सांगितलं होतं, "पोरगा मोटारीवर असतो." म्हातारा समजला, डायवर असेल. लग्नानंतर त्यानं जावई पाहिला तो मोटारीखाली, तोंडाला काळं फासलेलं. गौरीला त्याची पोर सखू माहेरी आली, ती त्यानं परत पाठवलीच नाही.

धर्मा न्यायला गेला तर म्हातारा म्हणाला, "मी पोर डायवरला दिली. तुमी गाडीखाली असता. तुमी चाकावर बसा, त्या दिशी पोर गाडीत बसंल. माझा एकच सबूद हाय."

आणि उडवीत घुसलो त्या दिवशी हाच म्हातारा सगळ्या बाजारासमोर बोलला, "जावई आले व्हते रं, पन थांबले नायत!"

* * *

पुढं एक ट्यूब अशी फाटली की ठिगळ लावायला जागाच उरली नाही. मग आम्ही टायरमध्ये पेंढा भरला. गंमत नाही, खरंच. आपल्याकडे दुसरं काय भरपूर आहे? पेंढा ओला करून, पिळून, टाचेनं ठासायचा, वर रिम चढवायची. हळू चालवली तर कर्जतहून कशेळ्याला पोचते. बसणाऱ्याचे दात मात्र वाजतात.

एकदा वाटेत कडावला पॅसेंजर चहाला उतरले. टायरच्या बाजूला चीर होती, त्यातून चार काड्या बाहेर आलेल्या. शेजारी बैलगाडी सुटलेली. आम्ही चहा पिऊन आलो तो मोटार एका अंगानं बसलेली, आणि एक पांढरा बैल डोळे मिटून रवंथ करतोय! अर्धा टायर त्यानं खाल्ला होता.

मी गाडीवानाला विचारलं, "बैल बांधता येत नाही?"

तो माझ्यावरच उखडला. "तुमच्या चाकातलं काय काय खाल्लं त्यानं! माझ्या बैलाचं पोट फुगलं म्हंजी?"

धर्मा शांतपणे म्हणाला, "फुगलं तर सांगा, मामा. आमाला तेच पायजे, आमचं चाक काय फुगत नाय."

* * *

कर्जतला एक वकीलसाहेब होते, त्यांची स्वतःची मोटार. लढाईतही त्यांनी ती धुऊनपुसून ठेवली होती. खालापूरच्या कोर्टात जाताना त्यांचं चाक बसलं. आमची मोटार त्या दिवशी एक वऱ्हाड घेऊन त्याच रस्त्यानं निघालेली. बघतो तर साहेब कोट काढून जॅक फिरवताहेत, घामाघूम, आणि मोटार जागची हलत नाही. पावसाळा नुकताच संपलेला, जमीन मऊ.

"अरे बाबा, पाऊण तास झाला वर चढवतोय!" ते म्हणाले.

धर्मानं वाकून बघितलं. "साहेब, मोटार वर येत नाय, जॅक पाताळात चाललाय."

साहेब हसत हसत बांधावरच बसले. धर्मानं आमची फळी आणून जॅकखाली घातली, पुढच्या चाकांना दगड लावले, नट आधी सैल केले आणि मग मोटार उचलली. नवरदेव बाशिंग बांधून बघत उभा. चाक बदलून झाल्यावर वकीलसाहेब मला म्हणाले, "याला लायसन्स का नाही?"

मी म्हटलं, "चालवता येत नाही म्हणून."

धर्मा नट आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "शिकवल्याबिगर कसं येनार, वस्ताद?"

वऱ्हाडासमोर बोलला. मला राग आला. पण बोलणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शिकवायला घेतलं.

* * *

शिकवताना मी त्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. चालत्या मोटारीचा टायर फुटला तर ब्रेकला पाय लावायचा नाही. स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, पेट्रोलवरचा पाय उचलायचा, आणि मोटारीला आपली आपण थांबू द्यायची. घाबरलेला माणूस ब्रेक मारतो, आणि मोटार नाल्यात जाते.

धर्मानं विचार केला. "म्हंजी बैल उधळल्यावानी. कासरा वढायचा नाय आनि सोडायचाबी नाय."

मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

परीक्षा घेणाऱ्या साहेबानं नेमकं तेच विचारलं, "टायर फुटला तर पहिल्यांदा काय करशील?"

धर्मा म्हणाला, "पॅसेंजरला सांगीन, गप बसा!"

साहेबानं डोळे वटारले. "का?"

"ते वरडत्यात म्हनून डायवर ब्रेक मारतो, साहेब."

साहेबानं सही केली.

* * *

लायसन्स खिशात घालून धर्मा सासऱ्यापुढं उभा राहिला. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला, आणि परत दिला.

"कागूद झ्याक हाय, जावई. चाक कुठं हाय?"

खरी गाठ इथंच होती. मोटार एक, आणि तिच्या चाकावर मी. माझ्या सीटवर शेठसुद्धा कधी बसले नाहीत. हिला कुठं धाप लागते, कोणत्या वळणावर डावीकडे ओढते, हे माझ्या हातांना ठाऊक होतं. शेठ एकदा म्हणाले, "सदू, कशेळ्यापुरतं दे की त्याला."

मी म्हटलं, "शेठ, चाक काय तंबाखूची चंची आहे, जरा इकडे दे म्हणायला?"

शेठ पुन्हा बोलले नाहीत. धर्मानं तर कधी मागितलंच नाही. न मागणारा माणूस फार जड असतो. रोज माझ्या मागं फूटबोर्डवर उभा राहायचा, आणि कशेळं जवळ आलं की फडक्यानं तोंड पुसायचा.

* * *

कशेळ्याला रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागे. विहीर हॉटेलच्या मागंच. पाणी आणून द्यायला सखू येऊ लागली. हॉटेलवाल्या बाईच्या मदतीला म्हणून येते, असं म्हाताऱ्याला सांगितलेलं.

ती बॉनेटच्या एका बाजूला, धर्मा दुसऱ्या बाजूला. बोलायचं तर बाकावरून म्हातारा बघतोय. मग ती घागर वाकवायची, हा झाकण धरायचा. रेडिएटर भरायचा, वरून वाहायला लागायचा, पाणी चाकाखालून रस्त्यावर यायचं, तरी दोघांचं लक्ष नसायचं. आणि मग ती दुसरी घागर आणायला जायची!

एका पॅसेंजरनं मला विचारलं, "काय हो डायवर, मोटारीला एवढी तहान?"

मी म्हटलं, "ऊन फार आहे." तेव्हा पौष चालू होता.

* * *

आता शेवटचा.

बाजाराचा दिवस. मोटार भरलेली, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. कशेळं एका वळणावर राहिलं, आणि मी मोटार उभी केली. उतरलो.

धर्मा धावत पुढं आला. "काय झालं, वस्ताद? बसलं का चाक?"

"काही झालं नाही. बस."

"कुठं?"

"माझ्या डोक्यावर! सीटवर बस."

"तुमाला बरं वाटत नाय का?"

"धर्मा, बस म्हटलं ना रं!"

तो बसला. मी मागं फूटबोर्डवर उभा राहिलो. किती वर्षांनी उभा राहिलो असेन. तिथं धूळ तोंडात जाते, हे विसरलो होतो.

त्यानं मोटार चांगली घेतली. उताराला गिअर पाडला, आधी हॉर्न दिला. बाकावर म्हातारा दिसू लागला. त्याची मान लांब झाली. आणि स्टँड हाकेवर राहिला असताना पुढचा टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज! कोंबड्या ओरडल्या, बाया ओरडल्या, बाजार बाजूला पळाला. मोटारीनं उजवीकडे तोंड फिरवलं.

सगळ्यांच्या वरून धर्माचा आवाज आला, "गप बसा!"

ब्रेक लागला नाही. मोटार डुलत डुलत सरळ झाली, आपली आपण मंदावली, आणि बाकाच्या समोर येऊन उभी राहिली.

धर्मानं दार उघडलं. सवयीनं एक पाय बाहेर टाकला. जॅक काढायचा, चाक बदलायचं, ते त्याचंच काम. इतकी वर्षं तेच केलेलं. खाली उतरला असता तर म्हाताऱ्यापुढं पुन्हा तोच क्लीनर, तेच तोंडाला काळं.

मी जाऊन दार लावलं. "आत बस," म्हटलं. "डायवरनं उतरायचं नसतं."

टोपी काढून बॉनेटवर ठेवली. कोट काढला. फळी घेतली, जॅक घेतला, आणि भर बाजारात मोटारीखाली शिरलो. कशेळ्यात मला ओळखत नाही असा माणूस नव्हता. म्हातारा तर रोज माझ्या चंचीतला तंबाखू खायचा.

तो बाकावरून उठला. त्याच्या वहाणा माझ्या डोक्याजवळ येऊन थांबल्या.

"खाली कोन हाय रं?"

मी जॅक फिरवत राहिलो.

"क्लीनर," मी म्हटलं.

वहाणा तिथंच. मग म्हातारा खाकरला, आणि माझ्या उभ्या जन्मात माझ्याशी कोणी बोललं नाही अशा आवाजात गरजला,

"मंग लवकर आटप! आमच्या पोरीचं बोचकं टपावर चढवायचं हाय. आनि नीट बांध, क्लीनर!"