एक रुपयाची कपात

अण्णा घरात पाणी मागतानासुद्धा उभे राहायचे. खुर्चीचे हात धरून सावकाश उठायचे, कोटाचे वरचे बटण लावायचे आणि स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणायचे, "अध्यक्ष महाराज, एक पेला पाणी मिळेल का?" आतून त्यांच्या सूनबाई, आमच्या कुसुमवहिनी, तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "मागणी विचाराधीन आहे. दूध उतू चाललंय."

भिंगारच्या आमच्या गल्लीत त्यांचे खरे नाव फारसे कुणाला आठवत नव्हते. सगळे त्यांना 'अध्यक्षमहाराज' म्हणत. ते अध्यक्ष कशाचेच नव्हते. इंग्रजांच्या काळात ते मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात एक मुदत निवडून गेले होते. तिथे बोलायचे तर अध्यक्षांनाच उद्देशून बोलावे लागे. 'मिस्टर प्रेसिडेंट' म्हणायची ती सवय भिंगारात आल्यावर मराठीत आली आणि मुदत संपून चाळीसएक वर्षे झाली तरी गेली नाही. मला अण्णा म्हणायची मुभा होती, कारण मी त्यांच्या पुढ्यात बसून वाद घालत असे.

माझ्या वडिलांचा पायाने चालवायचा छापखाना होता. कुणाच्याही भांडणाची पत्रके ते छापत. मी अक्षरे त्या पत्रकांवरच गिरवली. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाच्या आधी लिहिता येत होते. कॉलेज संपवून मी परत आले तेव्हा मला जग बदलायचे होते, तेही पुढच्या रविवारपर्यंत. अण्णा मला 'पत्रकबाई' म्हणत. "या पत्रकबाई, आज कोणाचा निषेध?" अशी सुरुवात असायची आणि मी चिडले की त्यांना भारी आनंद व्हायचा.

त्यांची दुसरी खोड म्हणजे पुरवणी प्रश्न. कौन्सिलात एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्यावर आणखी प्रश्न विचारता येई. हा हक्क अण्णा बाजारातही बजावत. भाजीवालीला विचारायचे, "वांगी ताजी आहेत का?"

"ताजी हायेत की, म्हाराज."

"पुरवणी प्रश्न. कधीपासून ताजी आहेत?"

ती पदर तोंडाला लावून हसायची आणि खालच्या टोपलीतली वांगी काढून द्यायची. मला वाटायचे, हा म्हातारा संसदीय नाटक करतो आहे. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की त्यांना वांगी नेहमी चांगली मिळत.

सगळ्यांत जास्त ते बोलायचे एका रुपयाबद्दल. कौन्सिलात सरकार खात्याखात्याच्या खर्चाची मागणी मांडी. सभासदाला ती आवडली नाही तर तो कपात सुचवू शके. कुणी लाखाची सुचवत, कुणी हजाराची. अण्णा फक्त एका रुपयाची.

"का?" मी विचारले होते. "मागायचंच तर सगळं अंदाजपत्रक फेटाळा की!"

"मोठी कपात सुचवली की लोक आकड्यावर भांडतात, पत्रकबाई. रुपयावर कोण भांडणार? आकडा बाजूला पडतो आणि मग विषयावरच बोलावं लागतं. तो रुपया म्हणजे दाराच्या फटीत घातलेली काठी. दार बंद होऊ द्यायचं नाही."

त्यांची एक कपात मात्र ते सांगताना हसत नसत. त्यांच्या मुदतीत कधीतरी मिरजगावकडे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. उन्हात प्यायला पाणी नव्हते. खर्चात पाण्याची तरतूद होती, जागेवर पिंपही नव्हते. अण्णांनी दुष्काळ निवारणाच्या मागणीत एक रुपयाची कपात सुचवली आणि विचारले, पाणी कुठे आहे? कपात मतांनी मंजूर झाली. गव्हर्नरच्या हाती राखलेल्या अशा खात्यांची कापलेली रक्कम तो स्वतःच्या सहीने परत घालू शके. तशी त्याने घातली. रुपया परत गेला आणि प्रश्नाचे उत्तर आलेच नाही.

"सही केली याचं दुःख नाही," अण्णा म्हणाले. "सही करताना त्याने उत्तर द्यायला हवं होतं." एवढे बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. वहिनींनी न मागता पाणी आणून ठेवले.

मग आमचा दुष्काळ आला. बहात्तर सालचा. इंग्रज जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. शेवगावच्या रस्त्याला, भिंगारपासून दोनतीन कोसांवर, रस्त्याचे काम निघाले आणि बायका खडी फोडायला बसल्या. मी सायकलने तिथे गेले. परत आले ती थेट अण्णांकडे. "अण्णा, तिथे पाणी नाही," मी म्हणाले. "बायका घरून कळशी आणतात, ती बाराच्या आत संपते. मग विहिरीवर जावं तर मुकादम अर्धी हजेरी कापतो."

अण्णा उठले. बटण लावले. पण 'अध्यक्ष महाराज' म्हणाले नाहीत.

मी कामावरच बसून पत्रक लिहून आणले होते. मथळा ठसठशीत: 'काम बंद पाडा!' त्यांनी पेन्सिल मागितली आणि मथळ्यावर आडवी रेघ मारली.

"काम बंद पडलं तर साहेबाची चूल विझत नाही. त्या बायांची विझते."

"मग काय, विनंती अर्ज करू? पैसे कुणी खाल्ले हे ओरडून विचारायचं नाही?"

"कुणी खाल्ले असं ओरडून विचारलं की माणसं मुठी आवळतात. कुठे गेले असं हळू विचारलं की कागद हलायला लागतात." मग म्हणाले, "मला तिकडे घेऊन चल."

वहिनींनी विरोध केला. "या उन्हात? मागणी साफ नामंजूर!" शेवटी टांगा ठरला, छत्री घेतली आणि वहिनींनी ताकाचा तांब्या दिला.

कामावर दुपारची सुट्टी होती. अण्णा खडीच्या ढिगाशेजारी छत्री धरून उभे राहिले. बायकांना वाटले, कुणी मोठा साहेब आला. अण्णांनी ताकाचा तांब्या पुढे केला तेव्हा सगळ्या जवळ सरकल्या. मग अण्णांनी त्यांना कौन्सिलाची गोष्ट सांगितली. मिरजगावच्या बायका, एक रुपया, गव्हर्नर, सही. मी मनात म्हणत होते, या कशाला ऐकतील? पण दुष्काळात कुणी आपल्याशी उभे राहून, अध्यक्ष महाराज म्हणून बोलते आहे, याची त्यांना मजा वाटत असावी.

टोळीची पुढारीण ठकूबाई होती. काळी, उंच, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "म्हातारबाबा, येका रुपायानं सायबाची इडीबी इझायची न्हाई."

"नाहीच विझत," अण्णा म्हणाले.

"अन् लाटसायबानं रुपाया माघारी टाकला, तवा तुमी काय केलं?"

"पुढच्या वर्षी पुन्हा तीच कपात मांडली."

"आन् मंग?"

"पुन्हा टाकला त्याने."

"अगं बया! लई चिवट हाय की ह्यो म्हातारा!" ठकूबाई बाकीच्यांकडे वळून म्हणाली आणि हशा पिकला. अण्णाही हसले. जाताना त्यांनी हजेरी कारकुनाला शांतपणे विचारले, "कामाच्या मंजुरीत पाण्याचा खर्च धरलेला असतो. पाणी कुठे आहे?" तो म्हणाला, "वर विचारा." "पुरवणी प्रश्न," अण्णा म्हणाले, "वर म्हणजे कुठे?" कारकून मस्टर उघडून बसला.

पुढचा पगाराचा दिवस आला. मी नवे पत्रक घेऊन गेले होते, मथळा अण्णांचा: 'पाणी कुठे आहे?' ते वाटायची वेळच आली नाही. टेबल मांडलेले, ओव्हरसिअर खुर्चीत, कारकून मस्टरवर अंगठे घेत होता. ठकूबाईची टोळी आली. अंगठे झाले, पैसे मिळाले. मग ठकूबाईने कनवटीतून सुटी नाणी काढली. टोळीतल्या सगळ्यांनी थोडे थोडे घातले होते. बरोबर एक रुपया. तो तिने टेबलावर ठेवला.

"हे काय, बाई?" कारकून म्हणाला.

"कपात."

"कसली कपात?"

"येक रुपायाची. पानी कुटं हाय ते सांगा, मंग उचलते."

ओव्हरसिअर उठला. "ए, उचल ते पैसे! मजुरी घ्यायची असते, द्यायची नसते."

"म्या न्हाई उचलायची. कौन्सिलाचा कायदा हाय."

हिने सगळे उलटे केले होते! कपात सरकारच्या मागणीत सुचवायची असते; हिने आपल्या पोटातून काढून सरकारला दिली होती. मी सांगायला पुढे झाले, तर मागची टोळी पुढे आली आणि तिनेही एक रुपया ठेवला. मग तिसरी. टेबलावर नाण्यांचे लहान लहान ढीग झाले. कामावरचे सगळेच बघत होते, त्यामुळे कुणाला त्यांवर हात ठेवता येईना. ओव्हरसिअर म्हणाला, "लिहून टाक काहीतरी." कारकून रडकुंडीला आला. "काय लिहू, साहेब? पैसे कमी पडले तर काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. जास्त झाले तर काय लिहायचं?"

अखेर त्याला खरे तेच लिहावे लागले. पाणी कुठे आहे असे विचारून मजूर रुपया परत देतात. हा मजकूर वर गेला. माझे कुठलेही पत्रक कधी इतके वर गेले नव्हते.

मी धावत सांगायला आले, तर अण्णा संतापले. मी त्यांना तसे कधी पाहिले नव्हते. "चुकलं! साफ चुकलं! त्यांच्या कष्टाचा रुपया कशाला? माझी गोष्ट ऐकून त्यांनी पोटाला चिमटा घेतला, पत्रकबाई. हे माझ्यामुळे झालं." रात्री ते जेवले नाहीत. वहिनींनी ताटात गुळाचा खडा ठेवला. साखरेच्या दुखण्यामुळे एरवी त्याला सक्त मनाई होती. त्यांनी तो पाहिलाही नाही. ते एवढेच पुटपुटत राहिले, "आणि उत्तर आलं नाही तर?"

उत्तर आले. तालुक्याहून एक अधिकारी येऊन चौकशी करून गेला आणि त्या आठवड्यात बैलगाडीवर लोखंडी पिंप आले, झाकण लावलेले, साखळीला बांधलेल्या मगासकट. पाणी पाजायला एक म्हातारी बाई नेमली. पुढच्या पगाराला हुकूम आला: मजुरांचे रुपये मजुरांना परत करावेत.

हे ऐकून अण्णा डोळे मिटून हसायला लागले. हसता हसता खोकला आला. "परत घातला! याही वेळी परत घातला! अध्यक्ष महाराज, माझी एकही कपात टिकली नाही हो!" वहिनी पाठ चोळत होत्या. खोकला थांबल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "पण या वेळी उत्तर दिलं."

त्यांना ते पिंप बघायचे होते. पुन्हा टांगा ठरला. पिंपापाशी ते उतरले, बटण लावले. ठकूबाईने मग भरून पुढे केला. मला वाटले, आता 'अध्यक्ष महाराज' म्हणतील. पण त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मिरजगावच्या त्या बायका आता कुठे असतील, असे ते वाटेत एकदा म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. फार दिवस अंथरुणावर नव्हते. खुर्चीतून उठत होते, बटण लावत होते, तेवढ्यात.

आता मी रोज लिहिते, छापते, ओरडतेही. आपलेच सरकार, आपलीच माणसे, आपल्याच सह्या. वर्तमानपत्रात वाचते की अमुक कोटींची मागणी चर्चेविना मंजूर झाली, आणि माझे कान उगीचच थांबून राहतात. कुणीतरी उठेल, खुर्ची कुरकुरेल, पुरवणी प्रश्न येईल. संध्याकाळी अण्णांच्या घरावरून जाताना पाय आपोआप पायरीवर चढतो. मला त्यांच्याशी भांडायचे असते. माझ्या मथळ्यावर आडवी रेघ मारणारे आता कुणी नाही.

ते गेल्यावर पंधरवड्याने मी अशीच गेले. वहिनी आणि मी नुसत्या बसलो होतो. दारात ठकूबाई उभी होती. कामावरून चालत आली होती, पायांवर खडीची पांढरी धूळ. तिला बातमी नुकतीच कळली होती. ती अण्णांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. मग म्हणाली, "पानी येतंय म्हनावं. रोज येतंय."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

"पर सावली न्हाई," ठकूबाई म्हणाली. "लेकरं उनात पडत्यात. आता सायेब येनार हाय बगायला. म्हनलं, आपुनच उभं ऱ्हावं अन् इचारावं." ती थांबली. "त्ये सुरवातीला काय म्हनायचं ते? म्हातारबाबा म्हनायचे ते?"

वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महाराज," त्या म्हणाल्या.

ठकूबाईही उठली. पदर नीट केला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "अध्यक्ष म्हाराज, सावली कुटं हाय?"